दोन खुणांचं पुस्तक

ताईने पुस्तक टेबलावर ठेवलं नाही, आदळलं. सहाशे बारा पानं. बशी नाचली, चहा सांडला आणि किड्याची बायको म्हणाली, "वन्सं, पुस्तक आहे का वीट?"

"वीटच आहे," ताई म्हणाली. "पण आता आम्हा दोघांना फोडायची आहे. काय रे किड्या?"

किड्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. वय एक्कावन्न, डोक्यावर मोजता येतील एवढे केस, लिफ्टच्या कंपनीत तेवीस वर्षं नोकरी. बाहेर लोक त्याला साहेब म्हणत, ताईच्या तोंडी मात्र तो अजून किड्याच, पुस्तकी किडा. लहानपणी छापलेलं काहीही दिसलं की हा त्याला चिकटायचा. पुडीचा कागद, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, बुटांच्या डब्यावरची सूचना, काहीही. जेवायला हाका मारून मारून आईचा घसा बसायचा आणि हा पान उलटल्याशिवाय मान वर करायचा नाही.

ताईही काही कमी नव्हती. वाचनालयातून आठवड्याला एकच पुस्तक मिळायचं, आणि घरात वाचणारी डोकी दोन. मग रोज जुंपायची. एकदा ओढाओढीत पान फाटलं, वाचनालयाच्या बाई घरी येऊन वाट्टेल ते बोलून गेल्या, आणि त्याच दिवशी आईने नियम घालून दिला. पुस्तक एक, खुणा दोन. ताईची खूण कापडाची पट्टी, किड्याची बसचं तिकीट. पुढे जायचं त्याने खुशाल जावं, पण प्रकरण संपलं की थांबायचं. मागचा तिथे पोचला की दोघांनी बसून त्या प्रकरणावर हवं तेवढं बोलायचं, भांडायचं, आणि मगच पुढचं प्रकरण. आणखी एक, शेवटचं प्रकरण कुणीही एकट्याने वाचायचं नाही. दोघांनी शेजारी बसून मोठ्याने वाचायचं, एक पान तू, एक पान मी. जो नियम मोडेल त्याचं वाचनालय बंद. आई बोलायची कमी, पण बोलली की तो कायदा.

ही वीट त्यांनी तेव्हाही आणली होती. एका नदीवरच्या नावाड्याच्या घराची ती गोष्ट. चाळीस पानं होतात न होतात तोच मुदत संपली, पुस्तक परत गेलं आणि पुढच्या माणसाने ते हरवलं. इतक्या वर्षांनी ताईला ते जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं होतं. तिला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन चप्पल काढायलासुद्धा न थांबता ती तशीच तीन जिने चढून वर आली होती.

"आपल्याला घाई आहे," ती म्हणाली आणि मग हळूच डोळ्यांचं सांगितलं.

ताईचं आयुष्य रफू करण्यात गेलं. कपडे दुरुस्तीच्या दुकानात खिडकीजवळच्या स्टुलावर बसून तिने एकतीस वर्षं लोकांच्या कोटांची भोकं बुजवली, आणि ती अशी, की भोक कुठे होतं ते कोटाच्या मालकालाही सापडू नये. वर्षभरापूर्वी तिला कापडावर एक डाग दिसायला लागला. घासून घासून जाईना. मग कळलं, डाग कापडावर नाही. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा मागचा पडदा झिजतोय, कडेचं दिसत राहील पण मधलं जाईल. समोरच्या माणसाचे कान दिसतील, चेहरा नाही. आणि अक्षर तर बघावं तिथे मधोमधच असतं. किती दिवस वाचता येईल विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, पाच महिने, फार तर सहा.

"रोज पाच पानं म्हटली तरी चार महिन्यांत होतं," ताई म्हणाली. "हे एवढं एक तुझ्याबरोबर संपवायचंय. मग डोळे गेले तर गेले चुलीत."

"हात्तिच्या! महिन्यात उडवतो," किड्या म्हणाला. आणि खोटं कशाला सांगू, त्याला खरंच तसं वाटत होतं. आपण शेवटचं पुस्तक कधी वाचलं हे त्याने नंतर मोजलं तेव्हा अकरा वर्षं निघाली. पण वाचायला वेळ मिळत नाही, एवढाच त्याचा समज होता. वेळ मिळाला की वाचन आपलं कोपऱ्यात ठेवलेल्या छत्रीसारखं जागच्या जागी असणार, हातात घेतलं की उघडणार.

व्यवस्था अशी ठरली. ताई तळमजल्यावर, हा तिसऱ्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि त्यावरचा विनोद कंपनीत सगळ्यांनी करून झाला होता. ताईने पुस्तकासाठी जाड कापडाची पिशवी शिवली. सकाळी सहाला कामावर जाताना किड्याने ती ताईच्या दाराच्या कडीला अडकवायची, दुपारी साडेतीनला परतताना काढून वर न्यायची. कापडाची पट्टी ताईची. बसचं तिकीट आता कुठलं सापडणार, म्हणून किड्याने लिफ्ट तपासणीची पिवळी चिठ्ठी घेतली.

पहिल्या दिवशी तो चार वाजता खिडकीत बसला. बायकोने मुद्दाम चांगला चहा केला. दीड पान झालं आणि त्याने मान वर केली. कुणी हाक मारली नव्हती. समोर भिंत होती, भिंतीवर घड्याळ. तो परत पानाकडे वळला तर ओळ हरवलेली. पुन्हा वरून सुरुवात. 'त्या वर्षी नदीला पाणी कमी होतं.' वाचलं. मान वर. भिंत. 'त्या वर्षी नदीला पाणी कमी होतं.' साडेपाच वाजेपर्यंत किड्याला एवढं पक्कं कळलं होतं की त्या वर्षी नदीला पाणी कमी होतं. त्यापलीकडे काही नाही.

"दमलात आज," बायको म्हणाली. त्यालाही ते पटलं.

आठ दिवस तो दमलेलाच राहिला. मग मात्र त्याने ते म्हणणं सोडून दिलं. कारण हे दमणं नव्हतं, ही नोकरी होती. लिफ्टच्या कंपनीत तो तक्रार कक्षात बसे. समोर फळा, फळ्यावर शहरभरच्या लिफ्टचे बेचाळीस दिवे. लिफ्ट अडकली, आतल्या माणसाने बटण दाबलं, की दिवा लाल होणार आणि फोन वाजणार. तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा. जुन्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नजर एका जागी बसू द्यायची नाही. बसली की मेलात. फिरती ठेवा." तेवीस वर्षं त्याने ती फिरती ठेवली. डोळ्यांना त्याने स्वतःच्या हाताने शिकवलं, की एका ठिकाणी टिकणं हा गुन्हा. आता ते शिकलेलं विसरायला सांगायचं कुणाला? डोळे काही कंपनीचे नोकर नव्हते, की साडेतीनला सुटतील.

त्याने उपाय केले, नाही असं नाही. बायको म्हणाली, "तो फोनच खातो तुमचं डोकं, द्या इकडे," आणि तिने फोन पिठाच्या डब्यात घातला. मग हा तासभर पिठाचा डबा ऐकत बसला. ओळीखाली पट्टी धरून वाचलं, पट्टीच्या आकड्यांकडे बघत राहिला. कानात कापूस घातला तर स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसला, न्हाणीघरात कडी लावून बसला. शेवटी बायको दारावर थापा मारत म्हणाली, "अहो, बाहेर या, शेजारी विचारतायत तुमच्या पोटाचं काय झालं!" हसू आलं त्याला. आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र त्याने तिला दाखवलं नाही.

इकडे ताई अठराव्या दिवशी तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, अठ्ठ्याऐंशीव्या पानावर पोचली आणि नियमाप्रमाणे थांबली. पिवळी चिठ्ठी एकोणीसवर होती.

"किती झालं रे?"

"चाललंय."

पुढच्या आठवड्यात पुन्हा, "किती झालं?" पुन्हा "चाललंय." असं म्हणत चिठ्ठी सव्वीसवर गेली, एकतीसवर गेली. एकदा तो न राहवून म्हणाला, "ताई, तू जा पुढे. मी येतो मागून."

"वा रे वा! मग दोघांनी वाचायचं कशाला? एकटीने वाचायला मला दुकानातली रद्दी काय कमी होती?" ती म्हणाली. "माझी नको काळजी करू. मी वाचलेलंच पुन्हा वाचते. नीट कळतं."

मोजून पाच महिन्यांचे डोळे, आणि ही बाई ते वाचलेल्या पानांवर खर्च करतेय, का, तर हा माणूस मागे आहे म्हणून. मग सांगून का टाकलं नाही, असं तुम्ही विचाराल. बायकोनेही विचारलं. पण किड्याला वाचता येत नाही, हे किड्याने ताईला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, राहू दे मग, आणि पुस्तक मिटलं असतं. तिला मी ओळखतो, असं तो म्हणाला.

पाच आठवडे ताई अठ्ठ्याऐंशीवर थांबली. सहाव्या आठवड्यात एका सकाळी पिशवी कडीला अडकवताना त्याने चिठ्ठी एकेचाळीसव्या पानातून काढली आणि अठ्ठ्याऐंशीव्यात घातली. एवढंच केलं. जिन्यात वरून कुणीतरी उतरत होतं, म्हणून घाईतच केलं.

दुपारी ताई दारातच उभी होती. "पोचलास! ये आत, चहा टाकते. आधी सांग, धाकटी तुला कशी वाटली?"

नावाड्याला दोन मुली होत्या, एवढं किड्याला ठाऊक होतं. धाकटीचं पुढे काय होतं हे त्याच्या बापाला ठाऊक नव्हतं. पण तेवीस वर्षांची विद्या इथे कामाला आली. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मेकॅनिक येईपर्यंत बोलतं ठेवायचं, ही खरी नोकरी. त्याची एक सोपी रीत आहे, समोरच्याचा शेवटचा शब्द त्यालाच परत द्यायचा. तो म्हणाला, माझी मीटिंग आहे, की आपण म्हणायचं, मीटिंग? तो सांगत सुटतो. मध्ये मध्ये म्हणायचं, मग? पुढे? अर्धा अर्धा तास माणसं घाबरायचं विसरून जातात.

"धाकटी ना," किड्या म्हणाला, "धाकटी म्हणजे..."

"हट्टी आहे की नाही?"

"हट्टी?"

"नाही तर काय! बापाने वल्ह्याला हात लावू नको म्हटलं, तर ही पहाटे नाव सोडून मोकळी."

"मग?"

आणि ताईने तिसरं प्रकरण धबाधबा सांगून टाकलं. तिला वाटलं, आपण गप्पा मारतोय. किती खूश होती ती त्या दिवशी! दोन कप चहा झाला. वर येऊन किड्या खुर्चीत बसला आणि बायकोला म्हणाला, "मी पक्का हरामखोर माणूस आहे." बायको म्हणाली, "मग आता तरी वाचा."

त्याने प्रयत्न सोडला नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ताईचं चौथं झालं की चिठ्ठी चौथ्याच्या शेवटी जायची, पण खरं पान तो पेन्सिलीने एका कागदावर लिहून ठेवायचा. एकोणपन्नास. अठ्ठावन्न. त्रेसष्ट. एका रविवारी त्याने सलग अकरा पानं वाचली. अकरा! मान वर न करता. नाव भोवऱ्यात सापडली होती, आणि तो खरोखर नावेत होता. संपल्यावर त्याला कळलं की चहा गार झालाय आणि खिडकीतलं ऊन सरकून पायावर आलंय. तो लहान पोरासारखा उठून स्वयंपाकघरात गेला, "अगं, अकरा झाली!" बायकोने हातातलं काम टाकलं. दुसऱ्या दिवशी तो त्याच खुर्चीत, त्याच वेळेला, तसाच बसला, आणि दीड पान झालं. तिसऱ्या दिवशीही दीड. ती अकरा पानं पुन्हा कधी परत आली नाहीत.

ताईबरोबरच्या गप्पा मात्र रंगत गेल्या. सातव्या प्रकरणापासून तर ताई सांगायला लागली की ऐकत राहावं. सहाव्यात पूल बांधायला आलेला ओव्हरसियर, थोरलीचं त्याच्यावर मन बसणं, लंगड्या घोड्याचं मरण. पूर्वी ती वाक्यंच्या वाक्यं सांगायची, आता गोष्ट सांगायची, डोळे मिटून. मध्येच थांबून विचारायची, "हो ना? असंच ना?" किड्या म्हणायचा, "हो ना!" आणि ती जोरात पुढे निघायची. दहाव्यात थोरली ओव्हरसियरबरोबर पळून गेली. पंधराव्यात म्हातारा नावाडी पुरात बुडाला, तेव्हा ताईने पदराने डोळे पुसले. "वाईट वाटलं ना रे?" तिने विचारलं. "फार वाईट," किड्या म्हणाला. आणि वाईट त्याला खरंच वाटलं होतं.

ताई आता चहा आधी कपाच्या कडेला बोट लावून ओतत होती. दार उघडताना त्याच्याकडे न बघता त्याच्या खांद्याकडे बघत होती. हे सगळं त्याच्या समोर घडत होतं. पण नजर फिरती ठेवलेल्या माणसाला दिसतं सगळं, कळत काही नाही.

पाचवा महिना सरता सरता ताईची पट्टी एकविसाव्या प्रकरणाच्या शेवटी आली. पिवळी चिठ्ठीही आली. किड्याच्या कागदावरचा खरा आकडा होता एकशे बेचाळीस. उरलं बाविसावं, शेवटचं, एकट्याने वाचायचं नाही ते. किड्याने तेवढं आधी वाचून ठेवलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण नाही वाचलं. सगळे नियम मोडलेल्या माणसाने हा एक पाळला.

रविवारी दुपारी चारला तो खाली गेला. ताईने दोन खुर्च्या खिडकीशी शेजारी शेजारी लावल्या होत्या. ठेवणीतली साडी नेसली होती, केस नीट बांधले होते.

"पहिलं पान तू वाच," ती म्हणाली. "माझा घसा बसलाय."

किड्याने वाचायला घेतलं. मोठ्याने वाचणं बरं जात होतं, आवाजामागे डोळे कसेबसे चालत होते. पूल पूर्ण झालेला असतो. उद्घाटनाला गावातली माणसं जमतात. पुलाच्या टोकाला दगडावर एक म्हातारा बसलेला असतो, हातात वल्हं. थोरली त्याला म्हणते, बाबा, घरी चला, आणि म्हातारा नावाडी म्हणतो...

किड्या थांबला. तोंडातून निघून गेलं, "अगं, पण हा तर बुडाला होता ना?"

ताईने मान त्याच्याकडे वळवली.

"आणि थोरली इथे कशी? ती तर पळून गेली होती."

"म्हातारा जिवंत आहे?" ताईने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "नीट बघ. तोच म्हातारा?"

"तोच. नाव लिहिलंय."

"मग पंधराव्यात कोण बुडालं?"

"तूच सांगितलंस, म्हातारा बुडाला."

"मी सांगितलं. पण तू वाचलं होतंस ना?"

अडकलेल्या माणसाला खरं कधी सांगायचं नसतं, आत्ता येतोच मेकॅनिक, असं म्हणायचं असतं. किड्याला तेवीस वर्षांत पहिल्यांदा दुसरं काही म्हणायला सापडलं नाही. "नाही," तो म्हणाला.

"कुठपर्यंत वाचलंस?"

"एकशे बेचाळीस."

"प्रकरण?"

"पान."

ताई आधी हसली. चांगली खळखळून हसली, पदर तोंडाला लावून. मग पदर तसाच राहिला आणि हसणं थांबलं. "अरे देवा," ती म्हणाली. "मी सहाव्यापर्यंत वाचलं. सातव्यात अक्षर गेलं, प्रकरण संपल्यावरची कोरी जागा तेवढी कडेने दिसायची, तिथे पट्टी सरकवायचे. म्हटलं, तुला सांगितलं तर तू हळहळत बसशील, वाचायचा थांबशील. म्हटलं, हा तर वाचतोय. आपण अंदाजाने सांगू, चुकलं तर हा सांगेलच की, ताई, असं नाही, तसं झालं. म्हणजे मला खरी गोष्ट कळेल. तू एकदाही चुकलीस म्हणाला नाहीस. मला वाटायचं, बघा, डोळे नसताना मला बरोबर कळतंय. किती फुगले होते रे मी!"

"ताई..."

"थोरलीला मी पळवलं. म्हाताऱ्याला मी बुडवलं. आणि रडलेही मीच."

किड्याने तिचा हात धरला. "तुझे पाच आठवडे मी खाल्ले," तो म्हणाला. "अठ्ठ्याऐंशीवर थांबली नसतीस तर अर्ध्याच्या पुढे गेली असतीस. मला वाचता येत नाही गं आता. खूप केलं. नाही येत."

"चार वेळा वाचली मी ती अठ्ठ्याऐंशी पानं," ताई म्हणाली. "पाठ झालीत."

तिने हात सोडवून घेतला नाही, आणि रागावलीही नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सातव्यापासून मोठ्याने वाच. माझे कान शाबूत आहेत, तुझं तोंड शाबूत आहे. होईल."

पानं होती चारशे छत्तीस. किड्याने मनापासून कंबर कसली. रोज साडेतीनला पिशवी हातात घेऊन तो ताईकडे बसू लागला. पहिल्या दिवशी चार पानं झाली. पाचव्या पानाला तो मध्येच थांबला. भिंतीकडे बघत होता. ताई म्हणाली, "मग?" तो दचकला, ओळ शोधली, वाचली. पुन्हा गप्प. "पुढे?" ताई म्हणाली. हे शब्द कुणाचे, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला होतं. दुसऱ्या दिवशी तीन पानं झाली, तिसऱ्या दिवशी दोन. वाचलेली ओळ तो पुन्हा वाचायचा, ताईला कळायचं, ती सांगायची नाही. एकदा दोन ओळी गाळल्या गेल्या आणि गोष्टच लागेना, तेव्हा दोघांनी शोधायचा कंटाळा केला. एका पानावर त्याला चार वेळा मान खाली घालावी लागली, आणि चौथ्यांदा कुठलंच अक्षर कशाशी जुळेना. एकेक शब्द कळत होता. वाक्य म्हणून काही तयार होत नव्हतं.

अडीच आठवड्यांनी चिठ्ठी दोनशे तीनवर होती. ताईची पट्टी तिने केव्हाच काढून घेतली होती, आता दोन खुणांचा उपयोग काय!

"ठेव ते," त्या दिवशी ताई म्हणाली.

"थोडा दम खातो, मग..."

"ठेव रे. तुझाही जीव जातोय आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचाही." तिने चाचपत पुस्तक त्याच्या मांडीवरून घेतलं, मिटलं आणि पिशवीत घातलं. पिशवीची नाडी ओढली. "मी म्हणते. मला पाठ आहे तेवढं म्हणते. ऐकशील ना?"

"ऐकतो."

ताईने डोळे मिटले. "त्या वर्षी नदीला पाणी कमी होतं," तिने सुरुवात केली आणि न अडखळता म्हणत गेली. पुढचे बारा दिवस ती रोज थोडं थोडं म्हणत राहिली. वल्ही, घाट, आजारी आई, लंगडा घोडा, पहाटे नाव सोडून निघालेली धाकटी. एक शब्द इकडचा तिकडे नाही. किड्या समोर बसायचा. कधी ऐकायचा, कधी त्याची नजर दारावर, खिडकीवर, घड्याळावर फिरायची आणि मधले तीन-चार प्रसंग निसटून जायचे. तिला ते दिसत नव्हतं. सवयीने तो मध्ये मध्ये म्हणायचा, "मग?" आणि ती पुढे म्हणायची.

बाराव्या दिवशी नाव भोवऱ्यातून सुटून पैलतीराला लागली. धाकटी चिखलात उतरली, तिने मागे वळून घराकडे पाहिलं. ताई थांबली.

"मग?" किड्या म्हणाला.

"मग काही नाही," ताई म्हणाली. "इथे मी तुझी वाट बघत थांबले होते."